चाकापुरती वाट

जालना जिल्ह्यात डांबरी रस्ता संपला म्हणजे गाव संपले असे होत नाही. डांबर जिथे थांबते, तिथून पुढे शेतातले आखाडे, वस्त्या, तांडे, मोसंबीच्या बागा, गायरान आणि माळ सुरू होतात. तिथे माणसे राहतात. त्यांना दवाखाना लागतो, बाजार लागतो, मुलांना शाळा लागते. पूर्वी या भागात बैलगाडी आणि सायकल चालायची. आता बहुतेक घरांच्या दारात मोटारसायकल उभी असते आणि घरचा सगळा भार तिच्यावर आला आहे. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, आजारी अम्मी, परीक्षेला निघालेली मुलगी, सगळे तिच्यावरच.

आपल्या समाजातल्या किती जणांचे पोट या आडवाटांवर चालते, याचा विचार करून पाहा. बागवान मंडळी बाग सौद्याने घेण्याआधी बहार पाहत शिवारभर फिरतात. कुरेशी भाई शेळ्या-बोकड पाहायला वस्तीवस्तीवर जातात. मणियार, आतार, पिंजारी यांचे वाडवडील तर पाठीवर आणि घोड्यावर माल लादून याच वाटांनी हिंडले. त्यांची नातवंडे आज बोअरची मोटार दुरुस्त करायला, भंगार आणायला किंवा दोन गावांच्या मकतबमध्ये शिकवायला दुचाकीवर निघतात. मी शिक्षक. शाळेत न आलेल्या मुलाच्या घरी जायचे म्हटले की मलाही डांबर सोडावे लागते. त्यामुळे 'वाट कुठून जाते?' हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायचीही एक रीत आहे. ती माहीत असली तर वेळ वाचतो, गाडी वाचते आणि कधी कधी जीवही वाचतो.

आधी माती ओळखा

आपला जिल्हा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरचा, आठ तालुक्यांचा. उत्तरेला भोकरदन आणि जाफ्राबाद. तिकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा उतार आहे आणि पूर्णा, गिरजा, केळना, जुई या नद्या वाहतात. मध्ये बदनापूर आणि जालना, तिथे दुधना आणि कुंडलिका. दक्षिणेला अंबड आणि घनसावंगी थेट गोदावरीच्या काठाला टेकतात. पूर्वेला परतूर आणि मंठा. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो वर्षभर पसरून येत नाही. बहुतेक सगळा चार महिन्यांत येतो आणि वाटांचे जे काही व्हायचे ते याच चार महिन्यांत होते.

खाली बेसाल्टचा खडक आणि वर त्याचीच झिजून झालेली माती. नदी-नाल्याच्या बाजूला ती खोल काळी असते. वर चढत गेलात की मध्यम, मग मुरमाड आणि माथ्यावर बरड. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा लगदा होतो. सर पडून दहा-पंधरा मिनिटे झाली असतील तेव्हा फक्त वरचा थर ओला असतो आणि गाडी घसरते. पाऊस मुरला की माती टायरला धरते, टायर आणि मडगार्ड यांच्या मधली जागा भरते आणि चाक फिरायचेच थांबते. आमच्याकडचे शेतकरी गाडीला खुरपे अडकवून निघतात, ते याचसाठी. दर शंभर पावलांवर उतरून चिखल खरवडावा लागतो.

म्हणून वाट निवडताना मातीचा रंग आधी पाहावा. तांबूस किंवा पांढुरकी दिसते तिथे मुरूम आहे, पाणी झिरपून जाते. गडद काळी दिसते तिथे पाऊस उघडला तरी तीन-चार दिवस जायचे नाव नको. जुन्या बैलगाडीच्या वाटा पुष्कळ ठिकाणी माथ्यावरून, दोन नाल्यांच्या मधल्या उंचवट्यावरून काढलेल्या दिसतात. लांब पडतात, पण त्यांना नाले कमी आडवे येतात आणि त्या लवकर सुकतात. गायराने बहुधा बरड जमिनीवर असतात, म्हणून गायरानातली वाट सगळ्यांत आधी चालती होते. थोडक्यात, पाण्याची वाट खालून, माणसाची वाट वरून.

आसईचा उतार

वाट ओळखण्याचा या जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग २२० वर्षांहून जुना आहे आणि तो रक्ताने माखलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर, आसई गावाजवळ, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा उभ्या होत्या. समोर इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याच्याकडे लढाईला उभे राहतील असे सुमारे ४,५०० सैनिक होते, मराठ्यांकडे त्याच्या कित्येक पट, शिवाय मोठा तोफखाना. मध्ये केळना नदी. नदीचा जो उतार सर्वांना माहीत होता तो मराठ्यांच्या तोफांच्या तोंडासमोर होता. वाटाड्यांना विचारले तर ते म्हणाले, दुसरा उतार नाही.

वेलस्लीने पुढे जाऊन पाहिले. नदीच्या अलीकडे एक गाव, बरोबर समोर पलीकडे दुसरे गाव. पिंपळगाव आणि वरूड. त्याने हिशेब केला की दोन गावे एवढी समोरासमोर वसली आहेत, तर त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असणारच, म्हणजे मध्ये उतार असणारच. माणूस पाठवून पाहिले, तर उतार खरोखर होता. तिथून त्याची फौज पार झाली आणि लढाईचे पारडे फिरले. त्याच्या फौजेतली दीड हजारांहून अधिक माणसे त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. आपल्या बाजूची किती गेली याचा नीट हिशेबही कोणी ठेवला नाही. पुढे याच माणसाने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. तरी आपल्या हातून झालेली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे विचारल्यावर त्याने आसईचे नाव घेतले, असे सांगतात.

त्या विजयाचे कौतुक आपण का करावे? आपल्या मुलखाची गुलामी त्यातूनच पक्की झाली. पण यातला एक धडा घेण्यासारखा आहे. उतार नाही असे सांगितले गेले, पण गावांच्या वसण्याने तो दाखवून दिला. आजही हा नियम लागू पडतो. समोरासमोर दोन वस्त्या दिसल्या, दोन्हीकडच्या बांधावर माणसांच्या पायांनी माती उघडी पडलेली दिसली, तर मध्ये वाट आहे असे समजावे. मशीद किंवा देऊळ एका काठाला आणि वस्ती दुसऱ्या काठाला, तरी वाट आहे. कब्रस्तान ओढ्यापलीकडे असेल तर जनाजा नेण्याची वाट असतेच. ती गावातल्या बुजुर्गांना विचारावी.

कागदावरची वाट

मोबाइलचा नकाशा डांबरी रस्ता बरोबर दाखवतो. शिवारातल्या वाटांचे मात्र त्याला फारसे कळत नाही. उपग्रहाच्या चित्रात वाट दिसते, पण ते चित्र उन्हाळ्यातले असेल तर पावसाळ्यात तिथे काय होते हे त्यातून कळत नाही. तरीही घरून निघण्यापूर्वी ते चित्र एकदा पाहून घ्यावे आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. वस्तीवर रेंज मिळेलच असे नाही.

त्याहून उपयोगी कागद म्हणजे गाव नकाशा. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, तलाठ्याकडे पाहायला मिळतो आणि 'महाभूनकाशा' या शासकीय संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात. गाव नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि पाऊलवाट एका तुटक रेषेने. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. गाडीवाटेची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट आणि पाऊलवाटेची सव्वाआठ फूट धरतात. हे आकडे विचित्र वाटतील, पण त्यांचे मूळ सोपे आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. जमीन मोजायची साखळीही ३३ फुटांची. तिचा अर्धा भाग साडेसोळा आणि पाव भाग सव्वाआठ. सातबाऱ्यावर 'पोटखराब वर्ग ब' असे क्षेत्र दिसले तर तिथे रस्ता, नाला असे काही सार्वजनिक कामाचे आहे का, तेही पाहावे.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक गोष्ट आहे. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे कित्येक घरांच्या पेटीत जमिनीचे जुने कागद उर्दूत आहेत. त्यांत चतु:सीमा लिहिताना पूर्वेला अमक्याचे शेत, पश्चिमेला नाला, उत्तरेला रास्ता अशी नोंद असते. आजच्या पिढीला ती वाचता येत नाही, म्हणून लोक उर्दू जाणणाऱ्या शिक्षकाकडे किंवा मौलवी साहेबांकडे येतात. माझ्याकडे असे कागद घेऊन येणाऱ्यांत हिंदू शेतकरीही पुष्कळ असतात. एका ओळीतल्या 'रास्ता' या शब्दावर दोन भावकींचे भांडण थांबलेले मी पाहिले आहे. घरात असे कागद असतील तर ते फेकू नका. उर्दू वाचणाऱ्या एखाद्या मुलाकडून त्यांचे मराठीत टिपण करून घ्या.

कोणाला विचारायचे, काय विचारायचे

नकाशा वाट कुठे होती ते सांगतो. आज ती चालू आहे का, हे माणसेच सांगतात. पण कोणाला विचारायचे, हे महत्त्वाचे. पारावर बसलेला माणूस 'जाते की' म्हणतो, कारण परक्या माणसाला नाही म्हणणे त्याला बरे वाटत नाही. शिवाय त्याच्या मनातली वाट बैलगाडीची असते, तुमच्याकडे मोटारसायकल आहे. त्यापेक्षा रोज त्या वाटेने जाणाऱ्याला गाठावे. सकाळी किटल्या लावून येणारा दूधवाला, विजेचा लाइनमन, मेंढ्या चारणारा धनगर, घरोघरी जाणाऱ्या आशाताई. मेंढ्यांच्या कळपाला कोरडी, टणक वाट लागते. त्यामुळे धनगराने सांगितलेली वाट सहसा चुकत नाही.

प्रश्नही नीट विचारावा. 'रस्ता आहे का?' असे विचारू नये. 'काल इथून गाडी कोणाची गेली?' असे विचारावे. 'पाऊस उघडल्यावर किती दिवसांनी वाट खुलते?', 'नाल्यात खाली फरशी आहे का गाळ आहे?', 'पुढे कोणी काट्या टाकल्यात का?' असे विचारले की उत्तरही नेमके मिळते. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये. 'हे काय, इथंच' याचा अर्थ अर्धा किलोमीटरही होतो आणि चारही होतो. दूधवाल्याला किती वेळ लागतो ते विचारावे.

कोणी भेटले नाही तर जमीन विचारावी. ताज्या टायरच्या खुणा दोन्ही दिशांना असतील तर वाट चालू आहे. खुणा पुढे जाऊन वळून परत आल्या असतील तर पुढे अडले आहे, तिथूनच माघारी फिरावे. ट्रॅक्टरची खोल चाकोरी दिसली म्हणून आपली गाडी जाईल असे नाही. ट्रॅक्टर चिखलातून निघतो, मोटारसायकल चाकोरीत अडकते. वाळलेली चाकोरी तर आणखी वाईट. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि पुढचे चाक तीत शिरले की बाहेर निघताना गाडी आडवी होते. अशा वेळी मधल्या उंच पट्ट्यावरून किंवा बांधाच्या कडेने चालवावे.

पाणी आडवे आले तर

जिल्ह्याच्या उत्तरेला डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन पडलेले असतानाही नाला भरून येतो. पाणी गढूळ झाले, त्यात काड्या-पाला वाहत आला, तर वर पाऊस झाला आहे आणि पाणी वाढणार आहे असे समजावे. वाहते पाणी असताना गाडी पाण्यात घालू नये, हाच सोपा नियम. फरशी पुलावरून घोटाभर पाणी जात असेल तरी पुलाची कड दिसत नाही आणि कडेची माती वाहून गेलेली असू शकते. डोंगराचे पाणी जसे पटकन येते तसे काही तासांत ओसरतेही. एखाद्या झाडाखाली दोन तास थांबणे किंवा गावात परतून मुक्काम करणे यात कमीपणा नाही. पाणी ओसरल्यावरही आधी चालत पार करून पाहावे, हातात काठी असावी, तळाला वाळू आहे का गाळ हे तपासावे आणि मगच गाडी घालावी. सायलेन्सरमध्ये पाणी गेले आणि इंजिन बंद पडले तर पुन्हा पुन्हा सुरू करायच्या नादी लागू नये. गाडी ढकलत बाहेर काढावी आणि मेकॅनिकला दाखवावी.

नवे रस्ते, नवी कोडी

जुन्या वाटा तोडणाऱ्या नव्या गोष्टीही आता शिवारात आल्या आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. तो जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्याच्या घरावरून महामार्ग गेला, त्याला महामार्गावरून जाता येत नाही, फक्त खालून जाता येते. दोन्ही बाजूंच्या शेतांसाठी महामार्गाखालून बोगदे ठेवले आहेत. आता या पट्ट्यात वाट शोधायची तर आधी बोगदा शोधावा आणि मग बोगद्यापर्यंतची वाट. पूर्वी सरळ समोर दिसणारे शेत आता वळसा घालून गाठावे लागते. रेल्वेखालच्या भुयारी वाटांचेही तसेच. उन्हाळ्यात सोय, पावसाळ्यात डबके.

दक्षिणेला पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा आहे. लांबी २०८ किलोमीटर. अंबड, घनसावंगी, परतूर या बाजूने तो परभणीकडे जातो. कालव्याच्या कडेची वाट समपातळीवरून जाते, म्हणून ती वळणे घेते आणि लांब पडते, पण चढउतार नसतात. कालव्याला पाणी असताना तिथे रात्री किंवा घसरणीत गाडी चालवू नये. परतूर भागात निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी पसरले तेव्हा काही जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. जुन्या नकाशात दिसणारी वाट आज तळ्यात उतरत असेल. म्हणून कागद आणि माणूस, दोघांनाही विचारावे.

गाडी आणि गाडीवरची माणसे

या वाटांना महागडी गाडी लागत नाही. वजनाला हलकी, शंभर सीसीची साधी मोटारसायकल बरी. अडकली तर दोन माणसे ती उचलून बांधावर ठेवू शकतात. चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी चालवावी, पुढचा ब्रेक जोरात दाबू नये, मध्येच थांबू नये. सोबत पंक्चरचे सामान, छोटा पंप, प्लग पाना, खुरपे आणि पिण्याचे पाणी ठेवावे. वेड्या बाभळीचा काटा टायरला सोडत नाही. निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार, हे घरी सांगून जावे.

घरच्या माणसांविषयी दोन गोष्टी. बुरखा, ओढणी, साडीचा पदर चाकात किंवा चेनमध्ये अडकून होणारे अपघात आपल्याकडे कमी नाहीत. बसण्याआधी कपडा आवरून मांडीखाली घ्यावा, साडीगार्ड काढून टाकू नये आणि चेनला झाकण असावे. लहान मुलाला पेट्रोलच्या टाकीवर बसवायची सवय सोडावी. केंद्र सरकारच्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नसतो. शिवारातल्या वाटेवर तर २० सुद्धा पुष्कळ होतो. आणि गरोदर बाईला खाचखळग्यांतून गाडीवर न्यायची वेळ येऊ देऊ नये. दिवस भरत आले की पावसाळ्यापुरते तिला रस्त्याच्या गावी नातेवाइकांकडे ठेवणे शहाणपणाचे.

अडलेली वाट

हे सगळे कशासाठी, हे सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. आमच्या शाळेत एका शेतवस्तीवरून मुले येतात. दहा-बारा घरे, निम्मी आपली, निम्मी इतरांची. बहुतेक पुरुष मोसंबीच्या बागांत राखणदार. शाळेपासून अंतर अडीच किलोमीटर. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण मध्ये एक नाला आहे आणि नाल्याच्या दोन्ही बाजूंना खोल काळी जमीन. सातवीतली एक हुशार मुलगी जुलैपासून येईनाशी झाली. मी घरी गेलो तेव्हा तिचे वडील म्हणाले, "सर, पानी आया तो रस्ताच नै रैता. लडकी को अकेली कैसा भेजू?" त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता. काळजी होती. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा अशीच पावसाळ्यात सुटली होती आणि मग परत सुरू झालीच नाही.

गाव नकाशा काढला. त्यात वस्तीच्या मागून, माथ्यावरून जाणारा शिवरस्ता दोन तुटक रेषांत स्पष्ट होता. लांबी जवळजवळ चार किलोमीटर, पण नाला वरच्या अंगाला, जिथे तो दोन पावलांचा आणि खडकाळ आहे. वाट प्रत्यक्षात मात्र दोन ठिकाणी नांगरली गेली होती आणि एका ठिकाणी काटेरी फांद्या टाकून बंद केली होती. तलाठी, वस्तीवरचे दोघे-तिघे आणि मी, आम्ही ती वाट चालून पाहिली. ज्यांच्या शेताजवळ काट्या होत्या ते वयस्कर गृहस्थ वाटेतच भेटले. "काका, वाट जुनी आहे, नकाशात आहे," असे मी म्हटले. ते म्हणाले, "मास्तर, मलाबी माहीत आहे. पण ट्रॅक्टरवाले मधी घुसतेत आन्‌ माझे चार तास कापूस तुडवतेत. लेकरांना कोण नाही म्हणतंय?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बसून बोलल्यावर असे ठरले की कापूस वेचून होईपर्यंत मोटारसायकल आणि पायी माणसांपुरती वाट उघडी राहील. ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून तोंडाशी दोन दगड रोवायचे, मध्ये चाकापुरती जागा. वेचणी संपली की हद्दीची मोजणी मागायची. काट्या त्यांनी स्वतः उचलल्या. वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा इमानाचाच भाग आहे, ही हदीस आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असते. त्या दिवशी ते काम एका हिंदू काकांनी केले आणि वस्तीवरच्या मुलांनी ते पाहिले. मुलगी ऑगस्टच्या शेवटी वर्गात आली. कधी वडिलांच्या गाडीवर, कधी शेजारच्यांच्या. जोराचा पाऊस असेल तर अजूनही दोन-तीन दिवस बुडतात. मोजणी व्हायची आहे आणि पुढच्या वर्षी काका काय म्हणतील, हे त्या मोजणीवर अवलंबून आहे.

समजुतीने सुटले नाही तर कायदा आहे. चालू असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. तहसीलदार जागा पाहून निर्णय देतात. तो मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येते. वाट पक्की करण्यासाठी २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते' योजना आली. ती रोजगार हमीच्या कामांशी जोडलेली होती. पण योजनेत नाव यायला आधी वाट मोकळी असावी लागते आणि ती मोकळी करायला शेजाऱ्यांची तयारी लागते. तहसीलचा अर्ज हातात घेऊन बोलणी सुरू करू नये. आधी चहा प्यावा. निवाड्याने मिळालेल्या वाटेवर शेजारी तोच राहतो.

वाटेची वही

शाळेत आम्ही एक छोटा उपक्रम सुरू केला आहे. तो कोणत्याही गावात करता येईल. प्रत्येक वस्तीवरची मुले एका वहीत आपल्या वाटेचा हाताने नकाशा काढतात. नाला, मोठे झाड, बांध, विहीर, बोगदा, कुठे काळी आणि कुठे मुरूम, सगळे त्यात येते. मग पावसाळाभर त्यात तारखा लिहितात. अमुक दिवशी वाट बंद, अमुक दिवशी पायी खुली, अमुक दिवशी गाडी गेली. कोणी आजारी पडले आणि नेता आले नाही, तर तेही. एका पावसाळ्यानंतर ती वही सांगते की वाट वर्षातून किती दिवस बंद असते, नेमकी कुठे अडते आणि कोणत्या दोन ठिकाणी नळ्या टाकल्या किंवा मुरूम पसरला तर ती चालेल. सगळी वाट डांबरी करा, ही मागणी वर्षानुवर्षे पडून राहते. या नाल्यावर दोन नळ्या टाका, ही मागणी ग्रामपंचायतीला नाकारणे अवघड जाते.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होते. आपल्यातले पुष्कळ जण तिकडे फिरकत नाहीत, बाया तर क्वचितच. येत्या ग्रामसभेला वस्तीवरच्या दोन आयांनी आणि एका मुलीने ही वही घेऊन जावे आणि त्यातल्या तारखा उभे राहून वाचाव्यात. वाचलेले इतिवृत्तात लिहून घ्या म्हणावे आणि लिहिले का ते पाहूनच घरी यावे.